नाशिकहून व्हिएतनाम: व्हिसा, पाऊस आणि आईचं जेवण

व्हिएतनामच्या व्हिसासाठी एजंट गाठायची काहीच गरज नाही. त्यांच्या सरकारी साइटवर अर्ज भरायचा, पासपोर्टचं फोटोचं पान आणि चष्म्याशिवायचा फोटो अपलोड करायचा, कार्डाने फी भरायची, झालं. एकदा प्रवेशाचा व्हिसा 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलर. ऑगस्ट 2023 पासून मुदत 90 दिवसांपर्यंत मिळते. फी कुठल्याच कारणाने परत मिळत नाही, म्हणून घाई नको.

शोधताना वरवर येणाऱ्या बऱ्याच साइट दलालांच्या असतात आणि दिसतात मात्र अगदी सरकारी. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे ना, तेवढं बघा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्येच छापलेलं असतं; ते अर्जात गाळू नका, आणि विमानाच्या तिकिटावरही नाव तसंच येऊ द्या. आईचा अर्ज भरताना मी पासपोर्ट शेजारी उघडा ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. चूक निघाली तर बहुतेक वेळा नवा अर्ज, नवी फी. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. नूतनीकरण करायचं असेल तर पासपोर्ट सेवा केंद्र नाशकातच आहे, मुंबईची खेप नाही. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून घ्या, नाहीतर सगळा अर्ज भरून शेवटच्या पायरीवर अडकाल.

व्हिसा कामाच्या तीन दिवसांत मिळतो असं म्हणतात. हाताशी दोन-तीन आठवडे ठेवा. आणि 'तेत', म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतं. तेव्हा सरकारी कामकाज आठवडाभर थंडावतं आणि तिथली बरीच दुकानंही बंद असतात. व्हिसाची छापील प्रत जवळ हवीच. विमानतळावर बोर्डिंग पास देण्याआधी ती मागतात.

आता खरा मुद्दा. आपल्याकडचे सगळे दिवाळीच्या सुट्टीत निघतात आणि टूरवालेही तेव्हाच गाड्या भरतात. मध्य व्हिएतनामसाठी, म्हणजे दा नांग, होई आन, ह्वे या पट्ट्यासाठी, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा ऐन पुराचा काळ. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस होई आनचं जुनं गाव पाण्यात होतं. आम्ही मार्च धरला. दा नांगला कोरडं ऊन, हनोईत थोडं धुकं आणि भुरभुर. दिवाळीतच जायचं असेल तर हनोई आणि 'हा लाँग' उपसागरापुरतं ठेवा.

नाशिकच्या ओझर विमानतळावरून परदेशी विमान नाही, त्यामुळे मुंबई गाठणं आलंच. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टी टळते. तरी भिवंडीच्या पुढचा भरवसा मी कधीच धरत नाही. मुंबईहून थेट विमानं आहेत. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास.

पॅकेज टूर दा नांगला नेतात ते मुख्यतः बा ना डोंगरावरच्या सोनेरी पुलासाठी. दोन दगडी हातांनी उचलून धरल्यासारखा दिसणारा हा पूल 2018 मध्ये बांधला आणि ते हात खरे दगडाचेही नाहीत. गर्दी म्हणाल तर श्रावणी सोमवारचं त्र्यंबकेश्वर. माझं ऐकाल तर तो दिवस 'मी सन' नावाच्या जुन्या मंदिरांना द्या. होई आनपासून साधारण 40 किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत तिथल्या प्राचीन चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून बांधत नेलेली शिवमंदिरं आहेत. विटा एकमेकींना अशा भिडल्यात की सांध्यात चुना दिसत नाही. 1969 च्या अमेरिकी बॉम्बफेकीत सर्वांत मोठं मंदिर कोसळलं, बॉम्बचे खड्डे अजून तसेच आहेत. काही मंदिरांच्या डागडुजीचं काम आपल्या पुरातत्त्व खात्याने केलं, आणि त्या कामातच 2020 मध्ये नवव्या शतकातलं एक अखंड शिवलिंग सापडलं. आईने चप्पल काढली. रखवालदार हसला, काही बोलला नाही. सकाळी लवकर पोचा, दहानंतर विटा तापतात आणि बसगाड्याही येतात. इथल्या पुष्कळ मूर्ती दा नांगच्या चाम शिल्प संग्रहालयात आहेत, तेही सोडू नका.

ह्वे ते दा नांग आगगाडीने जा. हाय व्हान घाटात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. कसारा घाट पाठ असलेल्यांनाही खिडकी सोडवणार नाही.

जेवणाची चिंता आईमुळे सर्वांत जास्त होती. साध्या भाजीतही माशाचं पाणी, म्हणजे 'नुओक माम', घालतात, त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. ज्या खानावळीच्या पाटीवर 'चाय' (Chay, म्हणजे चहा नव्हे, शाकाहार) लिहिलेलं असतं ती बौद्ध शाकाहारी. तिथे मासळीचं पाणी नाही, बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नाही. आमच्या आईचं चातुर्मासातलं जेवणच! त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक लोक शाकाहार पाळतात, तेव्हा या खानावळी गजबजलेल्या असतात. तरी चिवड्याची दोन पाकिटं बॅगेत असलेली बरी.

रुपयाला साधारण 300 डोंग पडतात. 20 हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर. रात्री टॅक्सीत देताना शून्यं मोजा. यूपीआयवर विसंबू नका, डॉलर न्या, आणि तेही कोरे, घडी न पडलेले. टॅक्सी बोलवायचं ग्रॅब अ‍ॅप नाशकातच उतरवून नोंदणी करून घ्या, कारण ओटीपी आपल्या सिमवर येतो. त्यात भाडं आधीच दिसतं, घासाघीस करावी लागत नाही. आपला दोन पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन पिनांच्या प्लगला अ‍ॅडाप्टर लागतो. उरलेले डोंग परतीच्या विमानतळावरच बदलून घ्या. नाशकात ते बदलून देणारा मिळणं अवघड आहे.