शेवंतीला अंधार लागतो

आज सकाळी सात वाजता एम्प्रेस गार्डनला गेले. कानटोपी असूनही कान गार पडले होते. गेटजवळ बुचाच्या शेवटच्या फुलांचा सडा होता, ओंजळभर उचललीच. आत पिटुनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर, पॅन्सी. पुण्यात हे सगळं थंडीचंच वैभव. मार्चचं ऊन लागलं की माना टाकतात.

पण मी रेंगाळले शेवंतीपाशी. माझ्या गॅलरीतल्या दोन कुंड्यांना यंदा एक कळी नाही. खत घातलं, शेंडे खुडले, तरी नुसता पाला. पाणी घालणाऱ्या माळीकाकांना विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, "ताई, रात्री तिथं दिवा असतो का?"

असतो. रस्त्याचा दिवा, थेट कुंड्यांवर.

शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली की कळ्या धरते, आणि मधेच उजेड पडला तर तिचा हिशेब मोडतो. १९२० साली गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू-सोयाबीनवर दाखवलं होतं, की फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं; खरा हिशेब रात्रीचा असतो हे पुढे कळलं. कॉलेजात शिकलेही होते, पण स्वतःच्या कुंडीपाशी आठवलं नाही याचं फार वाईट वाटलं.

काका म्हणाले, थंडीत पाणी सकाळीच घाला, तेही माती बोटाने चाचपून. अडेनियमला तर जवळजवळ नकोच, मुळं कुजतात. फुलं सुकली की लगेच खुडा, म्हणजे झाड बी धरण्याऐवजी नव्या कळ्या काढतं.

संध्याकाळी दोन्ही कुंड्या मागच्या अंधाऱ्या बाजूला नेल्या. दुपारपर्यंत ऊन तिथेही येतं.