तुम्ही विचारलंत म्हणून: बिनखिडकीच्या खोलीत दिवस कसा जातो?

"अगं, त्या खोलीत तुला गुदमरत नाही का?" नात्यातले, शेजारचे, कारखान्यात नव्याने लागलेले, सगळेच हे विचारतात. राहायचं रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि दिवसभर बसायचं चारी बाजूंनी बंद केबिनमध्ये, हे कुणाला पटतच नाही. म्हणून एकदा नीट सांगते.

मी मासळी निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. माझ्या केबिनची एक भिंत कोल्ड स्टोरेजला लागून आहे. तिथे माल उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवावा लागतो, तेव्हा त्या जाड भिंतीला भोक पाडायचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या बाजूला कोळंबी सोलायचा हॉल, तोही माशी शिरू नये म्हणून बंदिस्त. उरलेल्या बाजूंना पॅसेज आणि रेकॉर्ड रूम. खिडकी निघणार तरी कुठे? हे एकदा समजलं आणि माझा खोलीवरचा राग बराच उतरला.

हवेचं म्हणाल तर तो त्रास खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो. दार लावून दोन-तीन माणसं बसली की श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि डोकं जड होतं. मी एक्झॉस्ट पंखा मागून घेतला आणि दाराला खालून जाळी बसवून घेतली, कारण हवा बाहेर काढायची तर आत यायलाही वाट लागते. पावसाळ्यात कोल्ड स्टोरेजकडच्या भिंतीला पाणी सुटतं आणि फायलींना बुरशी धरते, म्हणून कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलंय. एवढं केलं की गुदमरत नाही.

खरा त्रास वेगळाच आहे. त्या खोलीत वेळ कळत नाही.

आमच्या जुन्या घराच्या माजघरालाही खिडकी नव्हती. कोकणातल्या जुन्या घरांत माजघर मधोमध, भोवती पडवी आणि खोल्या. पण वर छपरात एक काचेचं कौल बसवलेलं असायचं. त्यातून पडणारा कवडसा सकाळपासून जमिनीवर सरकत सरकत जायचा. आजी घड्याळाकडे न बघता, कवडसा उंबऱ्याजवळ आला की भात टाकायची. त्या अंधाऱ्या खोलीत कुणाला कोंडल्यासारखं वाटलेलं मला आठवत नाही. माझ्या केबिनमध्ये मात्र लख्ख एलईडी आहेत, आणि सकाळी साडेनऊला जसा उजेड असतो तस्साच संध्याकाळी सहाला. अंगाला कळणार कसं, दिवस कलला ते?

हे नुसतं मनाचं नाही. डोळ्याच्या पडद्यात, आपल्याला दिसण्यासाठी ज्या पेशी असतात त्यांच्याशिवाय आणखी एक प्रकारच्या पेशी आहेत. त्या उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. हे घड्याळ बहुतेकांमध्ये चोवीस तासांहून किंचित सावकाश चालतं, त्यामुळे ते रोज उजेडाने जुळवून घ्यावं लागतं. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं, या शोधाला २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१४ साली अमेरिकेत कार्यालयांतल्या ४९ जणांचा एक अभ्यास झाला. त्यात खिडकीजवळ काम करणारे, बिनखिडकीच्या जागेत काम करणाऱ्यांपेक्षा रात्री सरासरी ४६ मिनिटं जास्त झोपत होते. माणसं थोडी होती, त्यावरून फार मोठं काही ठरवू नये. तरी मला ते पटलं, कारण या केबिनमध्ये बसू लागल्यावरच माझी झोप बिघडली होती.

मग मी खोली सजवायच्या फंदात पडले नाही. भिंतीवर समुद्राचं पोस्टर लावून उजेड वाढत नाही. चांगल्या ऑफिसातला उजेड ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), भर दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात जातो, आणि आषाढात आभाळ गच्च भरलेलं असतानाही बाहेर बहुतेक वेळा काही हजार लक्स असतो. डोळा सरावतो म्हणून हा फरक जाणवत नाही, इतकंच. तेव्हा "पावसात बाहेर जाऊन काय उपयोग" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सकाळी मी थांब्यावरून रिक्षा न करता चालत येते. डबा कंपाउंडातल्या जांभळाखाली खाते, पावसात लोडिंगच्या शेडमध्ये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे आवकही कमी, म्हणून त्या दिवसांत शेडमध्ये जरा जास्त वेळ बसता येतं.

आणि पाऊस! एसी आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात तो ऐकूच येत नाही. मे महिन्यात गच्चीवर आंबोशी, फणसाची साठं, सांडगे वाळत असतात, आणि वळीव सांगून येत नाही. गेटवरचे वॉचमन काका आता मला इंटरकॉमवर फोन करतात, "मॅडम, मिऱ्याच्या बाजूने काळं करून आलंय हां, घरी सांगा." मी घरी फोन लावते, सासूबाई वाळवण आत घेतात. काकांच्या एका फोनमुळे बाहेरचा दिवस माझ्या टेबलापर्यंत पोचतो. तुम्हालाही अशी खोली मिळाली असेल तर बाहेर बसणाऱ्या कुणाशी तरी मैत्री करा, हे मी अगदी मनापासून सांगते.

पण मला हा प्रश्न विचारणारे भिंतीपलीकडच्या बायकांना तो कधी विचारत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. कोळंबी सोलणाऱ्या त्या बायका बर्फाच्या पाण्यात हात घालून तासन् तास उभ्या असतात, त्यांनाही खिडकी नाही, आणि मला निदान खुर्ची आहे. बाहेर जायचं तर गमबूट, अ‍ॅप्रन, टोपी सगळं उतरवायचं, परत येताना क्लोरिनच्या पाण्यात पाय बुडवून, हात धुऊन आत शिरायचं. चहाच्या सुट्टीत एवढा वेळ कुठला? त्या आतल्याच बाकावर बसून चहा घ्यायच्या. आम्ही साहेबांच्या मागे लागून सुट्टी थोडी वाढवून घेतली आणि चहाचा थर्मास शेडमध्ये ठेवायला लावला. आता बऱ्याच जणी बाहेर येतात, पोरांच्या शाळेचं, बाजाराचं बोलतात. फक्त नैर्ऋत्येकडून झड आली की शेडमध्ये बसवत नाही. त्या बाजूला पत्रा मारून द्या असा अर्ज आम्ही दिलाय, त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत, आणि तो पत्रा पावसाआधी लागला पाहिजे.