शून्य शून्य शून्य नऊ

मावशीची ईमेलवरची पत्रं पुसली गेल्यावर पहिले पाच दिवस मी नुसती वाट पाहण्यात घालवले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्या कंपनीचा ईमेल पत्ता मी वापरते, तिच्या मदत विभागाला तीनदा लिहिलं. तीनही वेळा तेच छापील उत्तर आलं: वेबवर लॉगिन करा, ट्रॅश तपासा. माझं खातं पॉप पद्धतीचं आहे, मेल माझ्या संगणकावर उतरते आणि १४ दिवसांनी सर्व्हरवरून निघून जाते, हे मी पहिल्याच वेळी लिहिलं होतं. कोणी वाचलंच नाही. आणि पत्रं तर पूर्ण वेळ माझ्याच डिस्कवर पडून होती!

मेल वाचायला मी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरते. पाठवणाऱ्याच्या नावानुसार यादी लावून जाहिरातींच्या मेल निवडत होते. घाईत निवड खालपर्यंत गेली, मावशीची सगळी पत्रं तिच्यात आली आणि मी शिफ्ट धरून डिलीट दाबलं. शिफ्ट धरलं की मेल ट्रॅशमध्येही जात नाही. साधं डिलीट असेल तर तिथल्या तिथे कंट्रोल-झेड दाबून पाहा, परत येते. मावशी जाऊन दोन वर्षं झाली होती. ती २१२ पत्रं दुसरीकडे कुठेच नव्हती.

सहाव्या दिवशी मला कळलं, की हा प्रोग्रॅम मेल लगेच खोडत नाही. इनबॉक्स ही एकच लांबलचक मजकूर फाइल असते. त्यात पत्रं एकाखाली एक असतात, आणि मेल पुसली की तिच्या डोक्यावरच्या एका ओळीतला आकडा तेवढा बदलतो. मजकूर जागच्या जागी राहतो. तो खरोखर जातो ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर, म्हणजे पुसलेला मजकूर काढून फाइल आटोपशीर केल्यावर. म्हणून जागा वाचवायची का, असं त्या दिवसांत विचारलं गेलं तर ‘नाही’च म्हणा आणि सेटिंग्जमधलं आपोआप कॉम्पॅक्ट बंद करा. मला हे माहीत नव्हतं. त्या पाच दिवसांत तो प्रश्न माझ्यासमोर आला नाही, हे माझं नशीब.

हेल्प मेन्यूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावरून प्रोफाइलचं, म्हणजे थंडरबर्ड आपली सगळी माहिती ठेवतं ते, फोल्डर उघडतं. त्यातल्या मेल नावाच्या फोल्डरमध्ये, आपल्या खात्याच्या उपफोल्डरात, ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे काहीही एक्स्टेन्शन नसलेली फाइल असते. शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते, ती फक्त सूची. मी प्रोग्रॅम बंद केला, इनबॉक्सची प्रत काढली आणि प्रतीवरच काम केलं. फाइल दोन जीबीच्या वर होती. साध्या नोटपॅडने ती उघडण्याची वाट पाहू नका, मोठ्या फाइल उघडणारा एडिटर घ्या.

आणि मग मी अडकले. ‘मावशी’ हा शब्द शोधला. एकही सापडला नाही. तिच्या पत्रांतले मला पाठ असलेले शब्द टाकून पाहिले, तेही नाहीत. सगळं गेलं असं धरून मी संगणक बंद केला आणि ती रात्र जागून काढली. सकाळी फाइल नुसतीच वर-खाली चाळताना इंग्रजी अक्षरांच्या अर्थहीन ओळी दिसल्या, आणि उलगडा झाला. देवनागरी मजकूर बहुतेकदा बेस-६४ मध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरं-अंकांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळून पाठवला जातो, विषयसुद्धा. फाइलमध्ये तो देवनागरीत नसतोच. पत्ता आणि तारीख मात्र उघडी असते.

पुसलेल्या पत्राची खूण म्हणजे ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ या ओळीतला ०००९ (फाइलमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत). मी एकेक ०००९ शोधत गेले, खाली मावशीचा पत्ता दिसला की त्याचं ०००१ केलं. सरसकट ‘रिप्लेस ऑल’ करू नका, वर्षानुवर्षांचा कचराही परत येईल. चारच अंक ठेवा, ओळीची लांबी बदलू नका, आणि खालच्या ‘स्टेटस-२’ या ओळीला हात लावू नका. नंतर दुरुस्त फाइल मूळ जागी ठेवली, एमएसएफ काढून टाकली आणि प्रोग्रॅम सुरू केला. सूची नव्याने तयार होते.

१३१ पत्रं आली. ८१ आली नाहीत.

यादी पाहताना लक्षात आलं, की जी आली नव्हती ती सगळी मी उत्तर दिलेली पत्रं होती. आजारपणातलं तिचं विचारणं, माझ्या परीक्षेच्या वेळचं तिचं लांबलचक पत्र. या वेळी ०००९ सोडून थेट तिचा पत्ता शोधला आणि तिथून ओळींमागून ओळी वर चढत गेले. तिथे आकडा होता ‘०००बी’. वाचलेल्या मेलचा १, उत्तर दिलेल्याचा २, तारा लावलेल्याचा ४, पुसलेल्याचा ८, आणि त्यांची बेरीज. १, २ आणि ८ मिळून ११, आणि हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, ११ म्हणजे बी. आठ वजा केले की उरतात तीन. ८१ ठिकाणी ०००३ लिहिलं. दुपारचे चार वाजले होते, सकाळपासून मी खुर्चीतून उठले नव्हते.

पत्रं परत आल्यावर लगेच ती निवडून एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली आणि त्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली. तुमचं खातं आयमॅपचं असेल, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहत असेल, तर मात्र आधी वेबवरचा ट्रॅश बघा, तिथे पुसलेली मेल अनेकदा काही दिवस राहते. आणि प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवणारी ‘मेलडिर’ पद्धत निवडली असेल, तर हा आकडा बदलण्याचा उपाय लागू पडत नाही. तेव्हा बॅकअप शोधा, किंवा डिस्कवर नवीन काही न लिहिता फाइल परत मिळवणारं साधन वापरून पाहा.