माँत्रयचा चिखल आणि वीस लुई

माँत्रय-सुर-मेरला जाणाऱ्यानं आधीच मनाची तयारी करावी: नावात समुद्र आहे, गावात नाही. काँश नदी गाळानं भरत गेली, मध्ययुगातलं बंदर बंद पडलं आणि टेकडीवर उरलं ते तटबंदीचं गाव. तटावरून चालत पूर्ण फेरी साधारण ३ किलोमीटरची, सुंदर आणि फुकट. दुपारी दोननंतर जेवण मागितलं तर खानावळवाला असा बघतो, जणू आपण त्याची जमीनच मागितली. पाहुणचार फ्रान्सच्या या उत्तर टोकाला आहे, पण तो घड्याळ बघून होतो.

इथं यायचं कारण एकच. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या 'ले मिझेराब्ल'मधला सुटून आलेला कैदी ज्याँ वालज्याँ नाव बदलून याच गावात कारखानदार होतो, मग महापौर. साने गुरुजींच्या 'दुःखी'मुळे मराठी वाचकाला तो परका नाही. त्याचा कारखाना काळ्या मण्यांचा. राळेऐवजी लाख वापरायची आणि बांगडीचा जोड डाग न देता नुसता दाबून बसवायचा, एवढ्या दोन युक्त्यांवर तो गाव श्रीमंत करतो. लाख म्हणजे आपल्याकडचा माल! सिनेमात मात्र कारखाना म्हणजे फाँतीन या कामगार बाईला हाकलून देण्यापुरती एक खोली.

सगळे फोटो काढतात ते काव्हे सँ-फिर्मँ या उतरत्या गल्लीत. दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना बुटकी घरं. पाऊस पडून गेला असेल तर चपलेनं उतरू नका. आन्री फेस्कूरच्या १९२५ च्या मूकपटाचं चित्रीकरण इथं झालं आणि तेव्हापासून गाडीखाली सापडलेल्या फोशलव्हाँ या म्हाताऱ्याचा प्रसंग या गल्लीला चिकटला तो चिकटलाच. गल्ली देखणी आहे, पण त्या प्रसंगासाठी साफ चुकीची.

कादंबरीत गल्ली बिनफरशीची आहे. आदल्या दिवशी पाऊस झालाय, जमीन भिजून मऊ पडलीय, घोड्याचे पाय मोडलेत आणि लादलेली गाडी क्षणाक्षणाला खाली रुतत म्हाताऱ्याच्या छातीवर येतेय. जॅक आणायला माणूस धावलाय, त्याला पाव तास लागणार. म्हाताऱ्याकडे पाच मिनिटंही नाहीत. पटकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं? चिखल हेच इथलं घड्याळ आहे. दगडावर गाडी रुतत नाही, त्यामुळे ते घड्याळ बंद पडतं आणि मग दिग्दर्शक पार्श्वसंगीत वाढवतो.

त्यात बोली लागते. वालज्याँ जमावाला म्हणतो, कोण आत शिरतो? ५ लुई. मग १०. मग २०. एक लुई म्हणजे २० फ्रँक, म्हणजे तो ४०० फ्रँक देऊ करतोय. याच माणसाला १९ वर्षांच्या शिक्षेनंतर हातात मिळाले होते १०९ फ्रँक १५ सू. कोणी हलत नाही. शेजारी उभा पोलीस अधिकारी जाव्हेर शांतपणे सांगतो की असं वजन उचलणारा एकच माणूस त्याला ठाऊक आहे, तुलाँच्या तुरुंगातला कैदी. म्हणजे गाडी उचलली की ओळख पटली.

हे चित्रित करताना घोळ ठरलेले. नट उभ्यानं, पैलवानासारखा गाडी उचलतो. कादंबरीत तो पोटावर सरपटत आत जातो, कोपर आणि गुडघे जवळ आणायचा दोनदा प्रयत्न करतो आणि दोन्ही वेळा फसतो. म्हणून कॅमेरा आखाच्या उंचीला, जमिनीलगत हवा. चाकाखाली खड्डा खणून त्यात फळी ठेवायची, फळीखाली जॅक, वर चिखल. जॅक हळूहळू सोडला की चाक हुकमी रुततं. गाडीच्या सांगाड्याला चिखलात लपवलेले पक्के टेकू हवेतच, नाहीतर खालच्या नटाचा जीव जायचा. लांबच्या शॉटला खरी वजनदार गाडी, जवळच्या शॉटला पोकळ. महापौराचा कोट एकाच मापाचे तीन तरी शिवा, कारण एका टेकमध्ये तो वाया जातो.

आणि सर्रास गाळलं जातं ते शेवटचं वाक्य: गाडी जरा हलल्यावर सगळे धावतात आणि वीस हात ती उचलतात. एकट्या नायकानं उचलली की टाळ्या मिळतात, पण मग आधी लावलेल्या बोलीला अर्थच उरत नाही.

पॅरिसचे दिवस गर्दीत गेले. व्होज चौकातलं ह्यूगोचं घर बघा. कादंबरीत वालज्याँ गटारांतूनच निसटतो; आल्मा पुलाजवळच्या गटारांच्या संग्रहालयात वास असतो, तक्रार करू नका, त्याचसाठी आलोय.

दिग्दर्शक रेमों बेर्नारनं १९३४ मध्ये याच कादंबरीच्या चित्रपटाला तीन भागांत साडेचार तासांहून जास्त वेळ घेतला, म्हणून त्याच्याकडे श्वास आहे. सोहराब मोदींचा 'कुंदन' (१९५५) याच कथेवरचा. १९९८ चा इंग्रजी चित्रपट जाव्हेरच्या मृत्यूपाशीच संपतो. पाठलाग संपला की सिनेमा संपला, हा हिशेब मला पटत नाही. वालज्याँ सुधारतो तो पाठलागामुळे नव्हे, तर त्याच्या नावानं भलत्याच माणसावर खटला चाललेला असताना आरासच्या कोर्टात स्वतःहून उभा राहून.

माँत्रय ते आरास आज सुमारे ८० किलोमीटर, वाटेत एदँ हे गाव लागतं. कादंबरीत वालज्याँ त्या खटल्यासाठी घोडागाडीनं पहाटे निघतो आणि रात्री आठच्या सुमारास पोचतो. एदँला कळतं की चाकाचे दोन आरे तुटलेत, तुंबा खिळखिळा झालाय, दुरुस्तीला दिवस जाईल. त्याला चक्क हायसं वाटतं: आपण प्रयत्न केला, देवालाच मंजूर नाही. तेवढ्यात एक पोरगा पळत जाऊन भाड्याची जुनी गाडी असलेली म्हातारी घेऊन येतो. सुटायची वाट बंद. तो पैसे मोजून निघतो. पोरगा मागून धावत बक्षिशी मागतो आणि गावभर पैसे वाटणारा हा माणूस त्याला एक छदाम देत नाही, वर खेकसतो. एवढ्या शॉटला एक पोरगं आणि एक मोडकी गाडी पुरते.