डिकी उघडायच्या आधी

मे महिन्यात इंदूरहून आत्याकडचं लग्न आटपून झाबुआ, दाहोद, गोध्रा करत बडोद्याला परत येत होतो, आणि गुजरातेत शिरल्यावर एका ठिकाणी गाडी साइडला घ्यायला लावली. लायसन्स, आरसी दाखवलं, सगळं ओके, मग लगेच "डिकी खोलो". आत शेवेचे पुडे आणि आत्याने दिलेल्या पन्ह्याच्या दोन बाटल्या. हवालदाराने दोन्हींची झाकणं काढून वास घेतला, एक नीट बंदच केली नाही, सगळं पन्हं कपड्यांच्या बॅगेत. आई मागून म्हणत होती, दाखव रे बाबा, आपल्याकडे काय आहे लपवायला!

आईचं हे वाक्य मला तेव्हापासून टोचतंय. लपवायला काही नाही म्हणून कोणीही सामान उपसावं का?

घरी येऊन वाचत बसलो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 130 म्हणजे फक्त कागद, युनिफॉर्ममधल्या पोलिसाने मागितले की दाखवायचे, डिजिलॉकरवरचे पण चालतात. त्यात डिकी कुठेच नाही. झडतीसाठी दुसरा कायदा लागतो. बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम 185 बघा, तिथे ठाणेदार किंवा तपास अधिकारी पाहिजे, कुठल्यातरी गुन्ह्याचा तपास पाहिजे आणि झडतीचं कारण आधी लिहून काढावं लागतं. आपल्याकडे गुजरातेत मात्र 1949 चा दारूबंदी कायदा आहे, मूळ मुंबई राज्याचा, आणि त्यात पोलिसांना गाडी थांबवून दारू शोधायचा वेगळा अधिकार आहे, त्यामुळे बडोदेकरांनी "वॉरंट दाखवा" म्हणून भांडत बसण्यात अर्थ नाही. पण साहेब, कशासाठी शोधताय, कुठल्या कायद्याखाली, हे शांतपणे विचारता येतं ना. मी विचारलंच नाही, घाबरलो होतो, आई सोबत होती.

आणि सगळ्यात जास्त धक्का मला या गोष्टीचा बसला की झडती बेकायदा असली तरी सापडलेली वस्तू पुरावा म्हणून चालते, सुप्रीम कोर्टाने 1973 मध्ये पूरनमल खटल्यात तसं सांगितलंय. म्हणजे नंतर कोर्टात "झडतीच चुकीची होती" एवढ्यावर सुटका नाही, जे काय बघायचं ते तिथेच रस्त्यावर. त्यात 1 जुलै 2024 पासून बीएनएसएसचं कलम 105 आलंय, झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पोलिसांनीच करायचं. आमच्या वेळी कोणी मोबाईल काढला नाही. काही जप्त करत असतील तर पंच कोण, यादीची कॉपी द्या, हे मागाच, आणि न वाचता सही तर अजिबात करू नका.

काल आत्याचा फोन होता, म्हणते पुढच्या वेळी बाटल्या नको देऊ का रे, तुम्हाला उगाच त्रास. मी म्हटलं दे गं, चार दे, लेबल पण लावू नकोस.