तीनशेवीस नंबरचं विमान

बाबा विमानासमोर उकिडवे बसले आणि पाच मिनिटं उठलेच नाहीत. आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "गुडघे दुखतील रात्री. पण आता बोलवू नकोस त्यांना."

आईबाबा यंदा जूनमध्ये पहिल्यांदाच नॉर्वेला आले. फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या, दाखवून झाले, मध्यरात्रीचा उजेड दाखवून झाला, ऑस्लोतली राजवाड्यासमोरची बागही झाली. पण बाबांना मनापासून काय दाखवायचं हे मी त्यांच्या तिकिटांच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. बाबा नौदलात होते, गोव्याला दाबोळीच्या आयएनएस हंसावर. अलिझे विमानांची देखभाल हे त्यांचं काम. अलिझे म्हणजे समुद्रावर गस्त घालून पाणबुड्या शोधणारं, तिघांच्या कर्मचाऱ्यांचं विमान. माझं लहानपण त्या विमानांच्या आवाजात गेलं. म्हणून गार्डेर्मोएन विमानतळाच्या शेजारीच नॉर्वेच्या सैन्यदलाचा जो जुन्या विमानांचा संग्रह आहे, तिथे त्यांना न्यायचंच होतं. तिथलं नॉर्थ्रॉप एन-३पीबी हे विमान जगात एकमेव उरलेलं आहे. एकूण चोवीस बांधली गेली होती, ३०१ ते ३२४ अशा क्रमांकांची. हे ३२० नंबरचं.

चाकांच्या जागी दोन लांबलचक तरंडे, होडीच्या तळासारखे. त्यांवर उभं असलेलं, जाड नाकाचं, एका इंजिनाचं विमान. आसनं तीन, एकामागे एक: वैमानिक, मध्ये निरीक्षक, मागे वायरलेस आणि बंदूक सांभाळणारा. बाबा बघत होते ते तरंड्यांचा तळ. पत्र्यांच्या जोडावरून, रिव्हेटच्या ओळींवरून नजर फिरवत म्हणाले, "अगं, खाऱ्या पाण्यातून विमान आलं की आधी गोड्या पाण्याने धुवायचं. मग बाकी सगळं. अ‍ॅल्युमिनियम मीठ विसरत नाही. यांना तर बर्फाच्या वाऱ्यात धुवावं लागलं असणार."

आता या विमानाची गोष्ट सांगते, कारण इथे इतकी वर्षं राहूनही मला ती उशिराच कळली, आणि आपल्याकडे तर कोणाच्याच कानावर आलेली नाही.

नॉर्वेच्या नौदलाची आपली स्वतःची हवाई शाखा होती आणि होर्टेनला विमानांचा कारखानाही होता. तिथे बांधलेली एमएफ-११ नावाची दुपंखी विमानं १९३० च्या दशकात किनाऱ्यावर टेहळणी करायची. चांगली, भरवशाची, पण काळ पुढे गेला होता. म्हणून मार्च १९४० मध्ये नॉर्वेने कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नच्या एका नव्या कंपनीला चोवीस विमानांची मागणी दिली. जॅक नॉर्थ्रॉप यांनी ही कंपनी आदल्याच वर्षी काढली होती आणि तिच्या नावावर अजून एकही विमान नव्हतं. एन-३पीबी हे तिचं पहिलं. पुढे ज्या कंपनीने रडारला सहज न सापडणारं बी-२ सारखं बाँबफेकी विमान बांधलं, तिची सुरुवात नॉर्वेच्या पैशावर झाली हे मला आजही नवल वाटतं.

मागणी दिली आणि महिना पुरा व्हायच्या आत, ९ एप्रिल १९४० ला, जर्मनी नॉर्वेवर चालून आली. दोन महिने लढाई चालली. ७ जूनला राजे हाकोन सातवे आणि सरकार ट्रॉम्सोहून ब्रिटिश युद्धनौकेने देश सोडून निघाले, आणि १० जूनला देशातली लढाई थांबली. विमानं मागवणारा देशच हातातून गेला, तरी मागणी रद्द झाली नाही. नॉर्वेची हजारावर व्यापारी जहाजं जगाच्या समुद्रांवर होती. ती जर्मनांच्या हाती गेली नाहीत, आणि त्यांच्या कमाईवर परागंदा सरकार स्वतःचा खर्च स्वतः भागवत राहिलं. त्या पैशातून टोरोंटोच्या बेटावरच्या विमानतळालगत नोव्हेंबर १९४० मध्ये एक तळ उभा राहिला. त्याचं नाव ठेवलं लिटल नॉर्वे. देशातून निसटून स्वीडन, रशिया, जपान असा अर्ध्या जगाचा वळसा घालून पोरं तिथे पोचली. परदेशात आपण एखाद्या गल्लीत दिवाळी साजरी करून 'आपलं गाव' उभं करतो, ते वेगळं; ही माणसं घराकडे परत जाता येईल की नाही हे न कळता तळ उभारत होती.

१९४० सरता सरता पहिलं विमान कॅलिफोर्नियाच्या लेक एल्सिनोर तलावावरून उडालं, चालवायला चाचणी-वैमानिक व्हॅन्स ब्रीझ. मोठे तरंडे लटकत असूनही वेग ताशी चारशे किलोमीटरच्या वर, त्या काळात या जातीच्या विमानांत सगळ्यात जास्त. मार्च १९४१ अखेर चोवीसही विमानं तयार झाली. हिवाळ्यात टोरोंटोचं बंदर गोठतं, म्हणून काहींचा सराव कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटावरच्या पॅट्रिशिया बे इथे झाला. सहा विमानं प्रशिक्षणासाठी कॅनडात राहिली. त्याच जूनमध्ये त्यांतलं एक टोरोंटो बंदरात उड्डाण घेताना प्रवासी फेरीबोटीवर आदळलं आणि आतले दोघे गेले. अजून युद्ध बघितलेलंही नव्हतं त्यांनी.

उरलेली अठरा विमानं जहाजाने आइसलंडला गेली, आणि तिथे ३३० नंबरची नॉर्वेजियन तुकडी उभी राहिली. कागदोपत्री ती ब्रिटिश हवाई दलाची, माणसं मात्र सगळी नॉर्वेची. एक भाग रेक्याविकला, एक उत्तरेला आकुरेयरीला, एक पूर्वेला बुदारेयरीला. जून १९४१ पासून गस्त सुरू झाली.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण युद्धाची गोष्ट म्हटलं की आपण लगेच विचारतो, किती पाडली, किती बुडवली? एन-३पीबीच्या नावावर असं मिरवण्यासारखं फारसं काही नाही. उलट एक गफलत मात्र आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये आइसलंडच्या दक्षिणेला यू-५७० ही जर्मन पाणबुडी ब्रिटिश विमानापुढे शरण आली. दुसऱ्या दिवशी या तुकडीचं एक विमान तिथे पोचलं. शरणागतीची बातमी त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती. त्यांनी त्या पाणबुडीवर बाँब टाकले आणि राखणीला उभ्या ब्रिटिश ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या धाटणीच्या बोटीवर, गोळ्या झाडल्या. ट्रॉलरनेही उलट गोळ्या झाडल्या. सुदैवाने कोणाला काही झालं नाही.

रोजचं काम होतं ते ताफ्यांची सोबत करणं. अटलांटिकमधून जाणारी मालवाहू जहाजं रांगा करून जायची, आणि १९४१ च्या उन्हाळ्यानंतर रशियाकडे जाणारी जहाजं आइसलंडच्या क्वालफ्योर्दमध्ये जमायची. त्यांच्या आसपास घिरट्या घालायच्या आणि पाण्याकडे बघत राहायचं. यात काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. बाबांनी समजावलं. त्या काळची पाणबुडी पाण्यावरून सतरा नॉट, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर वेगाने धावायची, ताफ्याला सहज गाठायची. पण वर विमान दिसलं की बुडी मारायलाच हवी, आणि पाण्याखाली तिचा वेग सातेक नॉट, तोही थोडाच वेळ. तेवढ्यात बॅटरी संपत येते आणि ताफा पुढे निघून जातो. विमानाने बाँब टाकायचीही गरज नाही. नुसतं वर असायला हवं.

"आमचंही तेच," बाबा म्हणाले. "तासन् तास उडून परत यायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, काही दिसलं नाही. तुझ्या आत्याला वाटायचं हा पगार फुकट घेतो."

आत्याचं ते वाक्य आमच्या घरात अनेकदा ऐकलेलं आहे, हसत हसत. बाबांना ते लागत होतं हे मला त्या दालनात पहिल्यांदा कळलं.

आणि ते पाणी तर अरबी समुद्रासारखं नव्हतं. मला इथल्या हिवाळ्याची कल्पना आहे: नोव्हेंबरपासून दुपारी तीनला अंधार, हवा तासाभरात बदलते, आडवा बर्फ. एकच इंजिन. ते बंद पडलं तर खाली फक्त लाटा, आणि मोठ्या लाटांवर तरंडे टिकत नाहीत. शोधायचं ते डोळ्यांनीच. परतल्यावर उतरायचं तेही पाण्यावरच, फ्योर्डमधून घोंघावणाऱ्या वाऱ्यात. आइसलंडच्या त्या दोन वर्षांत कितीतरी विमानं आणि माणसं गेली, शत्रूपेक्षा हवेनेच जास्त.

त्या ताफ्यांतल्या जहाजांवर नॉर्वेचे खलाशी होतेच, म्हणजे ही पोरं कित्येकदा आपल्याच माणसांची राखण करत होती. ब्रिटिश जहाजांवर आपलेही होते. रत्नागिरीकडचे कोकणी खलाशी आणि आगवाले, गोव्याचे स्टुअर्ड. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर दर चार-पाच माणसांमागे एक हिंदुस्थानी होता. कोणत्या जहाजावर कोण होता याचा मागमूस आपण फारसा ठेवला नाही. पण अटलांटिकमधल्या एखाद्या करड्या सकाळी डेकवरून वर बघणाऱ्या एखाद्या राजापूरच्या माणसाला तरंड्यांचं हे विमान दिसलं असेलच, असं मला मनापासून वाटतं.

१९४२ मध्ये तुकडीला कॅटलिना ही पाण्यावर उतरणारी मोठी विमानं मिळू लागली, आणि १९४३ च्या सुरुवातीला ती स्कॉटलंडच्या ओबानला गेली, सन्डरलँड नावाची तशीच मोठी विमानं उडवायला. थोडी नॉर्थ्रॉप विमानं वसंतापर्यंत आइसलंडमध्येच होती. २१ एप्रिल १९४३ ला लेफ्टनंट बुलुकिन आणि रुस्टाड ३२० नंबरचं विमान बुदारेयरीहून रेक्याविकला आणत होते. वाटेत बर्फाच्या वादळाने गाठलं, पुढचं दिसेना. बुलुकिन यांनी ते थ्योर्सा नदीवर उतरवलं. आइसलंडमधली सगळ्यात लांब नदी, हिमनद्यांतून येणारी, गढूळ. दोघे सुखरूप बाहेर पडले. विमान मात्र हळूहळू गाळात गेलं.

बाकीची सगळी अपघातांत नाहीतर पुढे भंगारात गेली. म्हणजे जे विमान बुडालं तेच वाचलं. १९७९ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांनी ते नदीच्या तळातून सोडवून वर काढलं आणि ते कॅलिफोर्नियाला, जिथे बांधलं होतं त्याच हॉथॉर्नला, परत गेलं. तिथे स्वेच्छेने कामाला आलेल्यांत १९४० साली ही विमानं हाताने बांधलेले काही निवृत्त कामगारही होते. गाळातून निघालेल्या मोडक्या भागांचा नमुना धरून त्यांनी नवे भाग घडवले आणि नोव्हेंबर १९८० मध्ये विमान पुन्हा उभं केलं.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, एका दमात नाही. तिथे देखरेख करणारे एक नॉर्वेजियन आजोबा आमच्याकडे बघत होते, त्यांना बोलवायला लावलं. "विचार त्यांना, कोणते पत्रे नदीतले आहेत आणि कोणते नवे?" मी दुभाषी. आजोबांनी बोटाने दाखवायला सुरुवात केली, बाबांनी मान डोलवायला. थोड्या वेळाने मी मधून बाजूला झाले तरी त्यांचं चाललेलं होतं. एक नॉर्वेजियनमध्ये, एक मराठी-इंग्रजीत, दोघांची बोटं एकाच रिव्हेटच्या ओळीवर हवेत फिरत. दोघांनीही विमानाला हात लावला नाही.

निघताना आजोबांनी सांगितलं की ३३० तुकडी अजून आहे. आता ती बचावकार्याची हेलिकॉप्टरं उडवते. वादळात अडकलेला मच्छीमार, डोंगरावर घसरलेला गिर्यारोहक, बेटावरची बाळंतीण, यांच्यासाठी तीच जाते. तिचं ब्रीद आजही तेच: 'त्रिग हावेत', म्हणजे समुद्राची राखण करा.

पुढच्या रविवारी आम्ही फ्योर्डकाठी डबा घेऊन बसलो होतो. थालीपीठ, दही आणि थर्मासमधला चहा. बेटांच्या दिशेने एक हेलिकॉप्टर खालून, जोरात आवाज करत गेलं. बाबांनी कप खाली ठेवला, उभे राहिले आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

"त्यांचंच असेल का गं?"

मी म्हटलं, असेल.

आईने त्यांचा चहा परत गरम ओतला.