आमची वाटचाल : किलोच्या काट्यापासून भिंगापर्यंत

जुन्या विनोदी अंकांचा आमचा धंदा चिपळूणच्या बाजारात रद्दीच्या काट्याला खेटून असलेल्या एका फडताळावर सुरू झाला. तेव्हा 'आवाज' आणि 'जत्रा' किलोने जायचे. पुढची बरीच वर्षं ठीक गेली, त्यांत लिहिण्यासारखं काही नाही.

22 जुलै 2021च्या पुरात वाशिष्ठी नदी दुकानात शिरली आणि खालच्या फळ्या पाण्यात गेल्या. "अंक उन्हात टाका," असं सांगणाऱ्यांनी जुलैत कोकणात ऊन शोधून दाखवावं. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. 'मार्मिक'सारख्या साप्ताहिकांचा न्यूजप्रिंट फुगतो, लगद्यासारखा होतो, पण पानं सुटतात. खरा घात दिवाळी अंकांतल्या आर्टपेपरचा. त्याच्यावरचा गुळगुळीत थर ओला होऊन वाळला की पानं चिकटून वीट होते, मग ती कुणाच्या बापाला सुटत नाही. म्हणून अंक न उघडता मिटलेलाच ठेवून वरचा चिखल धुवायचा, प्रत्येक अंक बटरपेपरात गुंडाळायचा, खोक्यात कणा खाली करून उभा ठेवायचा आणि गोठवायचा. गावात वीज नव्हती. आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, दापोलीकडचे एक निवृत्त गुरुजी, यांच्या ओळखीने मासळीच्या शीतगृहात वजा 18 अंशांवर जागा मिळाली. शेजारी कोळंबी, पण खोकी आमची कोरी होती.

गोठवल्याने बुरशी मरत नाही, नुसती थांबते. म्हणून एका वेळी मोजकेच अंक बाहेर काढायचे. आर्टपेपर ओला असतानाच पान सुटं करायचं आणि दर पानामागे बटरपेपर घालायचा. न्यूजप्रिंटला आठ-दहा पानांमागे टीपकागद पुरतो, पण तो ओला झाला की बदलायचा. पंखा भिंतीकडे तोंड करून लावायचा, थेट अंकावर नाही, नाहीतर कडा आधी वाळून वळतात.

तेवढ्यात हमरस्त्यावर एकाने 'संपूर्ण संच' विकायला काढले. पुराने सुटलेली पानं, कुठल्याही वर्षाचा आतला मजकूर आणि वर रंगीत झेरॉक्सचं मुखपृष्ठ. लोक आम्हालाच येऊन म्हणाले, "तुमच्याकडे महाग." असू द्या. निदान आता तरी दहापटीचं भिंग घ्या. ऑफसेटच्या छपाईत रंगाचे ठिपके सुटे आणि कडेला स्वच्छ दिसतात. झेरॉक्समध्ये ते विरघळतात आणि पान तिरकं धरलं की काळ्यावर चकाकी येते. मधोमध पिन मारलेल्या 32 पानी अंकात एका कागदावरच्या जोडपानांची बेरीज नेहमी 33 येते, म्हणजे 5 आणि 28 एकाच कागदावर. एक पान सुटलं असेल तर त्याचं जोडपानही तपासा. 'आवाज'च्या खिडकीची, म्हणजे मागचं चित्र डोकावावं म्हणून पानात कापलेल्या झरोक्याची, कड पाहा. साच्याने कापलेली कड एकसारखी असते, ब्लेडच्या कापाची रेघ कोपऱ्यात पुढे जाते. गुरुजींकडे 1951च्या पहिल्या अंकापासूनचे 'आवाज' आहेत, तरी दर अंकाची पानं ते काउंटरवर स्वतः मोजतात. आम्हाला राग येत नाही. आमच्या पाकिटावर आधीच लिहिलेलं असतं: "खिडकी फाटकी, शब्दकोडं भरलेलं, पान 19 नाही."

खाऱ्या हवेत पिनांना गंज ठरलेला. मधलं पान उघडून बोथट सुरीने पिनेचे पाय सरळ करायचे, पाठीकडून ती उपसायची, गंज कोरड्या ब्रशने झाडायचा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवायचा. नवी पिन मारू नका. कणा चिकटवायच्या खळीत चिमूटभर मोरचूद घाला, कसर लागत नाही. सेलोटेप लावणाऱ्याचा अंक आम्ही घेत नाही, तिचा पिवळा डाग निघत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या फेब्रुवारीत, कागद कोरडा असताना भराव्यात. जूनमध्ये बंद केलेल्या पिशवीत ओलच कोंडली जाते.

13 ऑगस्ट 1960चा पहिला 'मार्मिक' आहे का, असं रोज फोनवर विचारू नये. आणि पोस्टाने मागवणाऱ्यांनी पाऊस ओसरेपर्यंत थांबावं. त्या दिवसांत आम्ही अंक पाठवत नाही, रागावलात तरी.